वीस पावलांवरची विहीर

“लागली का?”

“नाय!”

“आता?”

“आता चप्पल लागली! एकाच पायाची! विहीर नाय लागली!”

खड्ड्यातून रितेशचं डोकं वर आलं. केसांत माती, कानांत माती, नाकाच्या शेंड्यावर मातीचा टिळा. काजल खो खो हसली. निशिगंधाला मात्र हसू आलं नाही. तिचं लक्ष विहाराच्या पायरीकडे होतं. तिथं महादूआजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती; नोकरीचं गाव सोडून ते वाडीत परतले तेही त्यानंतरच. खड्ड्यात काय चाललंय ते आजोबा कानांनीच बघत होते.

हा दुसरा खड्डा. पहिला काल झाला होता. त्यात निघाला खडक. फक्त खडक.

थोडं मागे जाऊ

फार मागे नको, चार दिवस पुरेत.

शहापूरच्या बाजारपेठेच्या पाठीमागे पंचशीलवाडी आहे. एके काळी तिथं इतकी माणसं होती, की जयंतीला गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. मग एकेक जण नोकरीमागे कल्याणला गेला, अंबरनाथला गेला. घरांना कुलपं लागली, अंगणांत लोकांचे टेम्पो उभे राहू लागले. तेव्हा रत्नप्रभामावशीनं पदर खोचला आणि चार बायकांना घेऊन ‘उजेड मंडळ’ काढलं. मंडळानं आधी गल्लीत दिवे आणले. मग विहारात पुस्तकांचं कपाट आलं, मग शिवणवर्ग. आता सगळ्यांत मोठा बेत होता: वाडीची झाकून टाकलेली जुनी विहीर उघडायची, तिच्याभोवती चौक करायचा, बाजूला मुलांसाठी अभ्यासिका.

पण नगरपंचायतीच्या नकाशावर विहीर नव्हती! विहाराच्या पुढंमागं होतं नुसतं ‘पार्किंग’. सोमवारी काँक्रीट पडणार होतं. “रविवारपर्यंत विहीर दाखवा, नकाशा बदलू,” असं नगरपंचायतीचे साहेब म्हणाले होते.

दाखवा म्हणजे, कुठली दाखवा? ती कुठं होती हेच कुणाला सांगता येईना. मावशी वाडीत नवी सून म्हणून आली तेव्हा विहीर झाकलेली होती. मग मंडळानं वाडी सोडून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावले. त्यांनी सांगितलेल्या आठवणी चिठ्ठ्यांवर उतरवायच्या ठरल्या. मेच्या सुट्टीसाठी मुरबाडहून मावशीकडे आलेल्या निशिगंधाचं अक्षर बरं, म्हणून पेन तिच्या हातात आलं. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमू लागल्या.

चिठ्ठी दुसरी. महादूआजोबा, वय शहात्तर

*विहार तवा कुडाचा व्हता. विहाराच्या दारात उभं राहायचं आणि नाकासमोर वीस पावलं चालायचं, की विहीर. मी दहा वर्षांचा व्हतो. मोठी माणसं खणायची, आमी पोरं माती वाहायचो. बाकीच्या विहिरींवर आमाला पाणी भरू देत नव्हते. म्हणून आमची आमी खणली. पाणी लागलं तवा आयनं पहिली घागर कोणाला प्यायला दिली नाय. सगळ्या पोरांच्या डोक्यावर ओतली.*

पुन्हा दुसऱ्या खड्ड्यापाशी, शनिवार, दुपार

“बास झालं!” काँक्रीटच्या ठेकेदाराचा माणूस मुकेश मावशीसमोर हाताची घडी घालून उभा होता. “म्हाताऱ्या माणसाचं काय ऐकता, मॅडम? माझा आजा शेवटी शेवटी बकरीला रामराम घालायचा. सोमवारी माझी गाडी येणार. खड्डे बुजवून ठेवा.”

पायरीवरची काठी हलली. महादूआजोबा उठले. निशिगंधा धावत त्यांच्याजवळ गेली.

“मी खोटं बोललो का गो, निशी?” त्यांनी हळूच विचारलं. “का माझ्या डोक्यातच बनली ती विहीर?”

आजोबा भिंतीला हात लावत घरी गेले. कडी लागल्याचा आवाज आला. संध्याकाळी मावशीनं चहा नेला, तर त्यांनी दार उघडलं नाही.

म्हणजे आता प्रश्न एकट्या विहिरीचा राहिला नव्हता.

चिठ्ठी पाचवी

*(हिच्यावर चहा सांडला आहे. ‘चिंच’ आणि ‘मार खाल्ला’ एवढंच वाचता येतं.)*

विहारात, संध्याकाळचे साडेपाच

“मुरबाडची माणसं हुशार असती तर त्यांना रेल्वे नसती का मिळाली?” रितेश म्हणाला. त्याला निशिगंधाला हसवायचं होतं.

“तुमच्या शहापूरला कुठाय रेल्वे? स्टेशन तर आसनगावला!”

“लागून आहे ना!”

“तीन किलोमीटर म्हणजे लागून? मग आमचं मुरबाड पण कल्याणला लागूनच आहे!”

“गप्प बसा रे दोघं!” काजल ओरडली. ती दहा वर्षांची होती, पण ओरडायला विशीची. “बटण कुठंय? किती अंधार आहे इथं. मला चिठ्ठी दिसत नाय!”

तिनं ट्यूब लावली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

चिठ्ठी सातवी. गोजाबाई, मुक्काम कसारा, फोनवरून

*विहिरीचं मला नाय सांगता येणार बाय, मी लहान व्हते. पण दिवा लावायचं काम माझं. संध्याकाळी दिवा लावायला जायचे, तर दारातून ऊन आत यायचं, पार बुद्धांच्या पायांपर्यंत. मला वाटायचं, माझ्या आधीच कोण दिवा लावून गेलं!*

त्याच जागी, एका मिनिटानं

“पुन्हा वाच,” निशिगंधा म्हणाली.

काजलनं पुन्हा वाचलं.

“संध्याकाळी ऊन यायचं? दारातून?” निशिगंधा ताडकन उठली. “आता संध्याकाळच आहे ना? मग आपण ट्यूब का लावली?”

तिघांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर दोन खड्डे, पलीकडे रस्ता, सगळ्यावर विहाराचीच लांब सावली. ऊन होतं, पण ते पाठीमागच्या भिंतीपलीकडे होतं. त्या भिंतीला दार नव्हतं, खिडकीही नव्हती.

“गोजाबाईंची चूक झाली असेल,” रितेश म्हणाला.

“सगळ्यांचीच चूक कशी होईल रे? मावशी! ए मावशी!”

मावशी शिवणवर्गातून गळ्यात टेप घेऊनच आली.

“हा विहार बांधला तेव्हा दार कुणीकडे होतं?”

“इथंच की. मी सून म्हणून आले ते नव्या विहाराच्या उद्घाटनालाच.” मावशी बोलता बोलता थांबली. “म्हणजे... जुना पाडून हा बांधला तेव्हा रस्ता मोठा झाला होता. जयंतीची मिरवणूक दारासमोर थांबावी म्हणून...”

“दार फिरवलं!” निशिगंधा किंचाळली.

तीस वर्षं सगळे या दारानं आत येत होते, बाहेर जात होते. दाराबरोबर आठवणीही फिरल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही! महादूआजोबांची वीस पावलं खरी होती. त्यांना उभं केलं होतं ते मात्र दुसऱ्याच दारात.

वीस पावलं, रविवार, सकाळ

विहाराच्या पाठीमागची जागा म्हणजे वाडीची अडगळ. फुटके माठ, तुटकी खुर्ची. एका कडेला हौसाकाकूंची पिठाची गिरणी. आणि मधोमध, मोकळी जागा दिसली म्हणून मुकेशनं रचून ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्या!

रितेश भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि ढांगा टाकत निघाला. “अठरा, एकोणीस, वीस!” तो हौसाकाकूंच्या उकिरड्यात उभा होता.

“शाब्बास! विहीर नाय, केळीची सालं सापडली!” काजल म्हणाली.

“थांबा!” निशिगंधानं चिठ्ठी काढली. “आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. पावलंही दहा वर्षांचीच! काजल, तू चाल.”

काजल ऐटीत निघाली. सतरा. अठरा. एकोणीस. विसाव्या पावलाला तिचं नाक सिमेंटच्या गोणीला टेकलं.

“ओ पोरांनो! तिथं काय काम?” मुकेश चहाचा ग्लास घेऊन आला.

“दादा, या गोण्या हलवा ना. खाली विहीर आहे.”

“काल पुढं होती, आज मागं आली? उद्या चालत मुरबाडला जाईल! माझ्या गोण्या कुठं जाणार नाय.”

निशिगंधानं रितेशच्या कानात काहीतरी सांगितलं. रितेश गिरणीतून पाण्याची बादली घेऊन आला आणि गोण्यांपासून हातभर अंतरावर त्यानं ती ओतली. पाण्याचं डबकं व्हायला हवं होतं. झालं नाही! पाणी एका फटीत शिरलं आणि खालून, कुठून तरी खोलातून, टपटप आवाज आला.

“ऐकलंत, दादा?” निशिगंधा अगदी गोड आवाजात म्हणाली. “बरोबर आहे तुमचं. नकाच हलवू गोण्या. विहिरीवरची फरशी जुनी आहे, पण टिकेल. बहुतेक. किती आहेत हो? चाळीस?”

मुकेशनं चहाचा ग्लास तिथंच टेकवला. “ए बबन! गोण्या उचल! मागं व्हा रे पोरांनो! आधी त्या कडेची उचल!”

हमाल बबननं दुसरी गोणी उचलेपर्यंत मुकेशनं तीन उचलल्या. वाडीतल्या लोकांनी ठेकेदाराच्या माणसाला काम करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खाच

निशिगंधा तेवढ्यात महादूआजोबांच्या दारापाशी पोचली होती.

“आजोबा, तुम्ही खोटं नाही बोललात. आम्ही तुम्हाला चुकीच्या दारात उभं केलं.”

आत काठी खडखडली. मग कडी निघाली.

तिनं त्यांना हाताला धरून मागे आणलं. गर्दी बघून त्यांना हौसाकाकूंच्या गिरणीच्या पायरीवर बसवलं. ते बसले, आधारासाठी हात बाजूच्या दगडाच्या कडेवर टेकवला, आणि तो हात तिथंच थांबला. बोटं कडेवरून पुढे सरकली. पुन्हा मागे आली.

“हौसाबाई, हा दगड कुठला?”

“माहीत नाय, बाबा. मी गिरणी घेतली तवापासून इथंच. त्या खाचांत गिऱ्हाइकं सायकलचं चाक अडकवतात.”

“चाक?” आजोबा हसले. कालपासून पहिल्यांदाच हसले. “हा विहिरीच्या काठाचा दगड आहे गो! या खाचा दोराच्या आहेत. बाया पाणी ओढायच्या, दोर घासायचा, दगड झिजायचा. परतेकीची जागा ठरलेली.” त्यांचं बोट चौथ्या खाचेत शिरलं. ती खाच तिरपी होती. “माझी आय डावखुरी व्हती. तिचा दोर असा तिरका यायचा.”

निशिगंधानं वाकून आपलं बोट त्या खाचेत घातलं. दगड आतून गुळगुळीत होता.

आणि मग

मोठ्या माणसांनी मुलांना दोरीच्या मागे उभं केलं. पहारी लावून फरशी सरकवली. आतून गार वास आला. मे महिन्यात, टँकरची वाट बघणाऱ्या वाडीत, गार वास!

“खडा टाका,” आजोबा म्हणाले. “आणि गप्प राहा.”

मावशीनं खडा टाकला.

डुब्!

“आहे!” आजोबांनी काठी आपटली. “पुरुषभर तरी आहे!”

मग जो गोंधळ उडाला तो लिहीत बसलो तर चौक बांधून होईल. साहेब आले, त्यांनी आत वाकून पाहिलं, तिथंच नकाशा काढला आणि ‘पार्किंग’वर आडवी रेघ मारली. “आम्ही शिकली-सवरलेली माणसं दोन दिवस पुढंच खणत बसलो,” मावशी म्हणाली, “आणि या तिघांनी चिठ्ठ्या नुसत्या लिहिल्या नाहीत, वाचल्यासुद्धा!” मुकेशनं आजोबांसमोर उभं राहून कान पकडले. “आजोबा, चुकलं.” “बकरीला रामराम सांग,” आजोबा म्हणाले, आणि गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली.

पाणी तपासल्याशिवाय प्यायचं नाही, असं मावशीनं बजावलं. पण आजोबांनी पहिली बादली मागून घेतली आणि विचारलं, “पोरं कुठं उभी आहेत?”

“इथं!” तिघं ओरडली.

आवाजाच्या दिशेनं त्यांनी अख्खी बादली ओतली. एक थेंबही वाया गेला नाही.

चिठ्ठी एकोणिसावी. निशिगंधा, वय बारा, मुक्काम मुरबाड

*विहाराच्या पाठीमागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहा. नाकासमोर वीस पावलं चाला. पावलं दहा वर्षांच्या मुलीची हवीत. नसली तर काजलला बोलवा. गिरणीपाशी ठेवलेल्या काठाच्या दगडात चौथी खाच तिरपी आहे. तिच्यात सायकल अडकवू नका.*

*आणि पुन्हा कधी दार फिरवलंत, तर आधी ही चिठ्ठी बदला.*