तपकिरी गाळ

"माझा मुलगा झोपला नव्हता," म्हातारी म्हणाली. मग जरा थांबून, "निदान तो तसं म्हणतो."

भाऊजींनी वहीत टिपून घेतलं. वहिनी खासगी तपास करायच्या आणि धाकट्या दिराला वही सांभाळायला सोबत न्यायच्या. वहीतलं डोक्यात शिरायला भाऊजींना वेळ लागायचा, ही गोष्ट वेगळी.

शहराचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणाऱ्या केंद्रात म्हातारीचा मुलगा ऑपरेटर होता. चार दिवसांपूर्वी केंद्राच्या खालच्या अंगाला नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. त्या दिवशी हा झोपला आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच टाकीतले हवेचे पंप बंद राहिले, असा केंद्राच्या मुख्य साहेबांचा आरोप होता. उद्या निकाल. नोकरी गेली की केंद्राच्या आवारातली राहती खोलीही जाणार होती.

ऑपरेटर टाकीच्या कठड्याशी उभा होता. "घाण खाणारे सूक्ष्म जीव या गाळात असतात," तो म्हणाला. "ते मेले की घाण तशीच नदीत जाते. त्यांना सतत हवा लागते. उन्हाळ्यात वीज गेली होती, तर चार तासांत टाकी डांबरासारखी काळी पडली. कुजक्या अंड्यांचा वास पार रस्त्यापर्यंत."

"आणि त्या दिवशी?" वहिनींनी विचारलं.

"मला पंप चालूच दिसले. पण अंगात ताप होता, गोळी घेतली होती." त्याने मान खाली घातली. "लागलाही असेल डोळा."

"हा तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय," भाऊजी पुटपुटले.

प्रयोगशाळेतल्या बाईंना ऑपरेटर मुळीच आवडत नसे. "माझ्या बाटल्या हलवतो मेला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी रजेवर होते. साहेबांनी बोलावलं म्हणून साडेपाचला आले." त्यांनी नोंदवही वाचली. "गाळ तपकिरी. वास ओल्या मातीचा. जीव सगळे मृत."

भाऊजींचा संशय बाईंवर बसला. बाटल्यांवरून माणूस कुठल्या थराला जाईल, सांगता येत नाही.

मागच्या फाटकाजवळ घरोघरचा मैला आणणारे टँकर रिकामे करायचा खड्डा होता; तिथून तो टाकीत जायचा. झाकणाला कुलूप. प्रत्येक टँकरची तपासणी करूनच बाई ते उघडत. खड्ड्याच्या काठचं सिमेंट एका बाजूला पांढरं पडून खडबडीत झालं होतं. वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं.

"तुम्ही रजेवर असलात की किल्ली कुणाकडे?"

"साहेबांच्या टेबलात."

साहेबांच्या टेबलावरची प्रत्येक वस्तू लखलखत होती. भाऊजी पेपरवेटमध्ये आपलं तोंड बघत बसले. "मेहुण्याचा मुलामा द्यायचा कारखाना आहे," साहेब कौतुकाने म्हणाले. "आता कामाचं बोला. पाचला मीच पंप चालू केले. त्या दिवशी टँकर एकही आला नाही. आणखी काय हवं?"

"बाईंना आणि ऑपरेटरला बोलवा," वहिनी म्हणाल्या.

दोघं आली. म्हातारीही दाराशी येऊन उभी राहिली.

"सहा तास हवा नसती तर गाळ काळा पडून कुजका वास सुटला असता," वहिनी म्हणाल्या. "पाचला पंप लावून अर्ध्या तासात तो सुधारत नाही. बाईंना साडेपाचला तो तपकिरी मिळाला, ओल्या मातीच्या वासाचा. म्हणजे हवा होती. तरी जीव मेले. गुदमरून नव्हे, विषाने."

"विष कुठून येणार?" भाऊजींनी विचारलं.

"खड्ड्याच्या काठचं सिमेंट आम्लाने खाल्लंय. घरच्या मैल्याने सिमेंट झिजत नाही. धातूला मुलामा द्यायच्या आधी तो आम्लात धुतात. ते धुवणाचं पाणी बाईंच्या तपासणीतून कधीच सुटलं नसतं, म्हणून त्यांच्या रजेचा दिवस गाठला. किल्ली साहेबांकडे, मेहुणा साहेबांचा, आणि पंप बंद असल्याचं सांगणारे एकटे साहेबच. पंपाकडे बोट दाखवलं की खड्ड्याकडे कोण बघतंय?"

भाऊजींनी पेपरवेट हळूच खाली ठेवला.

"एकच टँकर होता," साहेब म्हणाले. "एवढ्याशा पाण्याने असं होईल, वाटलं नव्हतं."

"म्हणून याच्या गळ्यात घातलंत?" बाई म्हणाल्या. "माझ्या नोंदीत सगळं होतं, आणि मीही याच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही करून बसले."

ऑपरेटर साहेबांकडे बघतच नव्हता. "म्हणजे मी जागा होतो," तो म्हणाला. "आई, मी जागाच होतो गं. चार दिवस मला वाटतंय, एवढे जीव मीच मारले." आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

"मलाही तसंच वाटत होतं रे," म्हातारी म्हणाली. "माफ कर मला."