पिकअपमागची मांजरं

"आजही नाही?" काशी ओरडलीच.

"आजही न्हाय!" पिकअपच्या खालून तुळशीरामकाकाचा आवाज आला. त्याचे फक्त पाय दिसत होते. "आवाज ऐकलास ना तिचा? अशा गाडीतून तुम्हाला कनकेश्वरला नेऊ, आनि वाटेत चाक निखळलं तर? तुझा बापूस मला सोडील काय?"

काशीने पाय आपटला. मे महिन्याच्या सुट्टीसाठी माझगावहून रेवदंड्याला येताना तिने धाकट्या भावाला, भिकूला, सगळा बेत समजावून सांगितला होता. काकाच्या नव्या गाडीतून भटकायचं! गाडी नवी म्हणजे काकाला नवी. एरवी ती लष्कराच्या लिलावातून निघालेली, दारं दोरीने बांधलेली, हँडल मारून चालू करावी लागणारी पिकअप होती. पण होती तर काकाची! बोटीवर माल चढवण्याचं मुंबईतलं काम सोडून काका तिच्या जिवावर गावी परतला होता. चौलच्या वाड्यांमधले आंबे, नारळ, सुपारी घेऊन तो रेवस बंदरावर जायचा आणि तिथून लाँच तो माल मुंबईला न्यायची.

आणि आता ही पिकअप रडत होती! ॲक्सिलरेटर दाबला की मागून 'घुंईईई', सोडला की 'गुर्रर्र'. दोन मागच्या चाकांच्या मधे जो भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, ज्यातल्या दातेरी चक्रांमुळे चाकं फिरतात, त्या गोळ्यातून हा आवाज येत होता.

"बाबा, चौलला तरी चला," काकाची मुलगी राही म्हणाली. ती काशीच्याच वयाची, पण काशीसारखी चटकन तापणारी नव्हती. "रावजीशेठ पाट्या भरून वाट बघत असतील."

"चला," काका कपाळ पुसत बाहेर आला. "भिकू, तेवढी मांजरं हाकल!"

गाडीखाली तीन मांजरं मागच्या गोळ्याला अंग घासत उभी होती. भिकूने चप्पल उगारली तशी ती पळाली आणि गाडी हलताच पुन्हा मागे लागली. चौलमध्ये रावजीशेठच्या वाडीत गाडी थांबली, तर तिथल्या गोठ्यातूनही दोन मांजरं शेपट्या ताठ करून धावत आली!

"काका, तुमच्या गाडीला मांजरं का लागतात?" भिकूने विचारलं.

"गाडीला मांजरं लागत न्हाईत रे. काहीतरी बोलू नको!"

पण ते रावजीशेठनेही पाहिलं होतं. तो पाट्यांजवळ उभा होता, पण एकही पाटी चढवू देईना.

"तुळशीराम, खरं सांग. तू हिच्यातून मासळी नेतोस."

"देवाशप्पत न्हाय, शेठ! तुम्हाला शब्द दिलाय मी. एक बोंबीलसुद्धा चढवला न्हाय."

"मग मांजरं काय आंब्यांसाठी येतात? गेल्या खेपेला मुंबईचा व्यापारी म्हणाला, पाट्यांना मासळीचा वास मारतोय. आंब्यांना! वर हा असला आवाज. वाटेत बंद पडली तर माझा माल सडेल." शेठने हात झटकले. "आजपासून मी बैलगाड्या सांगितल्यात. तू तुझं बघ."

काकाने गाडी वळवली. रिकामी पिकअप घुंईई करत परत निघाली. इतका वेळ चिडचिड करणारी काशी आता बाहेरच बघत बसली. तिला काकाकडे बघवत नव्हतं.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेलेली होती. अंगणात सल्ले देणाऱ्यांची ही गर्दी!

"नजर लागली," एक शेजारीण म्हणाली. "लिंबू-मिरची बांधा."

"बांधलंय की! मागच्या मंगळवारपासून बांधलंय!" राहीची आई, आवडाकाकू, वैतागून म्हणाली.

"नारळ द्या खाडीला."

"तोही दिला!"

अलिबागहून अंबाजी मिस्त्री मुद्दाम आला होता. त्याने विडी ओढत गाडी एकदा पुढे, एकदा मागे घ्यायला लावली आणि मान हलवली. "गोळा गेला. आतली चक्रं खलास. नवीन मिळायची न्हाईत. द्यायची असेल तर भंगारात घेतो मी. उद्या सकाळी येतो."

"तुम्ही उघडून कुठे बघितलंत?" काशीने विचारलं.

"आम्हाला कानांनी कळतं, पोरी!"

"त्यातलं तेल तरी नीट आहे का?"

"तेल कसं नीट नसंल?" काकूचा भाऊ कोंडाजी पुढे झाला. तो होडीवाला. जगातलं सगळं आपल्याला येतं अशी त्याची खात्री होती. "मिस्त्रीनेच डबा भरून दिलं होतं. तुळशीरामला वेळ नव्हता, तर मागच्या अमावास्येला मीच माझ्या हातांनी जुनं काढलं, नवीन ओतलं! मला शिकवतेस व्हय?" आणि त्याने चिमूटभर तपकीर नाकात कोंबली.

"मोठ्यांच्या मधे बोलू नये," कोणीतरी म्हणालं. काशीला असा संताप आला की कानशिलं तापली. उघडून बघायचं नाही, विचारायचं नाही, आणि वर मधे बोलू नये!

काका पायरीवर बसला. "घेऊन जा, मिस्त्री," तो हळूच म्हणाला. "मी जातो परत मुंबईला. काशीच्या बापाला सांगतो, कामावर लावून दे."

राही उठून सरळ समुद्राकडे चालायला लागली. काशी आणि भिकू तिच्यामागे धावले.

किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. पावसाळ्याआधी त्यांना मुशीचं तेल चोपडायची रीत. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिच्या काळजाचं तेल फळ्यांना पाजलं की लाकूड कुजत नाही. वास मात्र असा की माझगावचा भिकू नाक दाबूनच फिरायचा. राही कोंडाजीमामाच्या होडीला टेकून बसली. डोळे पुसत ती म्हणाली, "मागच्या वर्षी बाबा नव्हते इथे. मला ते पुन्हा जायला नकोत."

काशी तिच्याजवळ बसली. भिकूला मात्र रडणाऱ्या माणसाजवळ बसवत नाही. तो मांजरांना खडे मारायला गेला आणि तिकडूनच ओरडला, "ताई, ही मांजरं वेडीच आहेत! होड्या चाटतात!"

"चाटणारच," राही नाक ओढत म्हणाली. "तेल लावलं की दरवर्षी चाटतात. मुशीचं तेल त्यांना बासुंदीच!"

"मग मामाच्या होडीला का नाही चाटत?"

दोघींनी वर पाहिलं. शेजारच्या दोन्ही होड्यांना मांजरं चिकटली होती. मामाची होडी मधोमध, तिलाही तेल लावलेलं, पण एक मांजर तिच्याकडे फिरकेल तर शपथ! एक बोका आला, त्याने फळी हुंगली, शिंकला आणि तुच्छतेने निघून गेला.

काशी ताडकन उठली. तिने फळीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "शी! हा मासळीचा वास नाही. जळक्या गंधकासारखा आहे. राही, मामाने होडीला तेल कधी लावलं?"

"अमावास्येलाच. गाडीचं काम आटोपून." राहीचे डोळे मोठे झाले. "काशी! बाबांनी गाडीचं तेल मामाच्याच खोपटात ठेवलं होतं!"

तिघं खोपटाकडे धावली. कोपऱ्यात रॉकेलचे दोन जुने डबे होते, अगदी जुळे. एक जवळजवळ रिकामा, मासळीच्या वासाचा. दुसरा निम्म्याहून जास्त भरलेला, त्यात काळपट, घट्ट, गंधकाच्या वासाचं तेल.

"मामाला वासावरून कळलं नाही?" भिकूने विचारलं.

"त्याला काय कळणार, कपाळ!" राही म्हणाली. "तपकिरीने त्याचं नाक कधीच गेलंय. मामीचा भात करपला तरी त्याला कळत नाही!"

"गाडीचं तेल होडीला, होडीचं तेल गाडीला!" काशीने कपाळावर हात मारला. "मुशीचं तेल पातळ. ते गोळ्यातून गळतं, म्हणून मांजरं मागे लागतात. म्हणूनच पाट्यांना वास! आणि चक्रं कोरडी पडली की ओरडणारच! चल, सांगूया!"

सांगितलं. पण ऐकतो कोण? कोंडाजीमामा असा हसला की तपकीर उडाली. "मी तेल ओळखत न्हाय? मी?" बाकीचे म्हणाले, मासळीचा वास या गावात कुठे नाही! काका तर थकून म्हणाला, "जाऊ दे ग पोरी. झालं ते झालं."

"ठीक आहे," काशी दात-ओठ खात म्हणाली. "माणसांना समजत नसेल तर ज्यांना समजतं त्यांनाच विचारू."

सकाळी अंबाजी मिस्त्री आला, तेव्हा गाडी जागच्या जागी होती. पण हँडल गायब!

"हँडल कुठं हाय?" काका गोंधळला. सीटखाली, न्हाणीत, पडवीत, सगळीकडे शोधाशोध झाली. भिकू कोंबड्यांच्या उलट्या डालग्यावर शांतपणे बसून पाव खात होता. त्याला कोणी उठवलं नाही आणि डालग्याखाली कोणी बघितलं नाही.

इकडे राहीने पाना लावून मागच्या गोळ्याचं खालचं बूच जरासं सैल केलं. बापाच्या हाताखाली ती हे शिकली होती. काशीने करवंटी धरली. पातळ, पिवळट तेल ठिबकलं. दुसऱ्या करवंटीत तिने खोपटातल्या भरलेल्या डब्यातलं काळं तेल घेतलं. मग दोन्ही करवंट्या अंगणाच्या मधोमध ठेवून ती ओरडली, "हँडल सापडेल! आधी सगळ्यांनी इकडे बघा!"

त्याच वेळी रावजीशेठही दारात येऊन उभा राहिला. काकाकडे राहिलेल्या रिकाम्या पाट्या न्यायला तो आला होता.

"मामा, ही करवंटी गाडीच्या गोळ्यातली. यात काय आहे म्हणता?"

"गिअर ऑईल!" मामा ठासून म्हणाला.

"आणि ही तुमच्या खोपटातली. तुम्ही होडीला लावलंत ते."

"मुशीचं तेल!"

"नक्की?"

"ह्यात काय इचारायचं!"

"मग बघू मुशीचं तेल कोण ओळखतं ते. राही, सोड!"

राहीने स्वयंपाकघराची कडी काढली. रात्रभर दूध पाजून आत ठेवलेली तीन मांजरं बाहेर सुटली. मामा ज्याला मुशीचं तेल म्हणाला होता त्या करवंटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिन्ही धावली ती गाडीतल्या तेलावर! कुंपणावरून चौथं आलं. करवंटीभोवती अशी झुंबड उडाली की एकमेकांच्या डोक्यावर पंजे पडायला लागले.

मग आवडाकाकू हसायला लागली आणि तिला थांबताच येईना.

"कोंडाजी! अरे, गाडीला मुशी पाजलीस!"

"डबे सारखेच..." मामा पुटपुटला. सवयीने त्याचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला आणि त्याने तो घाईने मागे घेतला.

काका कधीच गाडीखाली शिरला होता. त्याने बूच पूर्ण काढलं. जेमतेम तांब्याभर तेल निघालं, बाकीचं गळून गेलेलं. अंबाजी मिस्त्रीही विडी टाकून खाली वाकला. त्याने चाक फिरवत, बॅटरी मारून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दाते शाबूत हायत," तो शेवटी म्हणाला. "थोडे घासलेत, पण शाबूत. अजून दोन खेपा केल्या असत्या तर संपलंच होतं." मग तो काशीकडे वळला. "पोरी, मी काल बूच काढायला पायजे होतं. चुकलं माझं."

गोळा रॉकेलने धुतला. डब्यातलं जाडं तेल त्यात ओतलं. भिकूने डालगं उचललं, दोन कोंबड्या फडफडत पळाल्या आणि हँडल निघालं.

"अरे चोरा!" काका ओरडला, पण हसत.

हँडल फिरलं. पिकअप खोकली, थरथरली आणि रस्त्याला लागली. काशी, राही आणि भिकू मागे उभी होती. तिघांनी कान टवकारले. काकाने ॲक्सिलरेटर दाबला. बारीकशी गुणगुण आली, तेवढीच! घुंईई नाही, गुर्रर्र नाही. वडापर्यंत जाऊन गाडी वळली आणि परत आली. काकाने खाली उतरून तिच्या बॉनेटवर थाप मारली.

रावजीशेठ पुढे आला. त्याने काकाचा हात हातात घेतला. "तुळशीराम, मी तुझ्या शब्दावर संशय घेतला. मला माफ कर. बैलगाडीवाल्यांना नको म्हणून कळवतो. मागचा हौदा साबणाने नीट धू आणि माझ्या वाडीत ये. मोसम संपेपर्यंत सगळा माल तुझ्याच गाडीने जाईल." मग तो मुलांकडे बघून म्हणाला, "आणि ह्या तिघांना पहिली पाटी! आम्ही इतकी मोठी माणसं, आमच्यापैकी एकालाही खाली वाकून बघायचं सुचलं नाही. शाबास, पोरांनो!"

कोंडाजीमामाने काशीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास," तो म्हणाला. त्याला ते जड गेलं, पण म्हणाला खरा.

काशी खूश झाली, पण तिचं लक्ष काकाकडे होतं. तो घरात गेला, तशी तीही मागोमाग गेली. आतल्या खोलीत आवडाकाकू जमिनीवर बसली होती. समोर काकाची पत्र्याची पेटी उघडी होती. रात्री भरलेले सदरे ती एकेक करून बाहेर काढत होती आणि खुंटीवर लावत होती. काकाला बघून ती थांबली.

"आता बोला," ती म्हणाली. डोळे ओले होते, पण आवाज करडा होता. "कोन जातंय मुंबईला?"

काकाने पेटीचं झाकण लावलं आणि ती पायाने खाटेखाली सारली.

"आंबे जातील मुंबईला," तो म्हणाला. "मी न्हाय जायाचो!"