यानारूमीची साक्ष

रेकॉर्डर चोरीला गेला होता, आणि चोर म्हणून लोक बोट दाखवत होते ते त्याच्या मालकिणीकडेच.

"म्हणतात, मुलाखती मी घेतल्याच नाहीत, मनानं रचल्या," नेली किलुम्बा म्हणाली. "उद्या समितीपुढं रेकॉर्डर आला नाही, तर माझा प्रबंध रद्द होईल. आणि डोंगरावरच्या यानारूमी गावचं सूतिकागृह बंद. ते चालू राहावं, हेच तर मी प्रबंधात मांडलंय."

नेली किटोच्या विद्यापीठात, सार्वजनिक धोरण प्रशालेत संशोधन करत होती. ऑर्तेन्सिया येपेस खासगी तपास करत असे. तिनं कप खाली ठेवला.

"प्रत?"

"नाही काढली. समितीखेरीज कुणालाही ऐकवणार नाही, असा तिथल्या बायकांना शब्द दिलाय. अजून कुणाला एक वाक्यही सांगितलेलं नाही."

"मग पुन्हा जा, पुन्हा विचार," बाल्तासार एगास म्हणाले. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. ऑर्तेन्सियाबरोबर तपासाला जाणं हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग.

"मास्तर, वर फक्त खेचरं जातात. आणि तेच दुःख त्यांना पुन्हा उगाळायला लावू?"

मास्तर ओशाळले. मृतांचा दिवस जवळ आला होता. टेबलावर कपांत दाट, जांभळी कोलादा होती आणि दुपट्यात गुंडाळलेल्या तान्हुल्याच्या आकाराचा पाव. ऑर्तेन्सियानं तो त्यांच्यापुढं सरकवला. "घ्या, ग्वाग्वा खा. तोंड कामात असलेलं बरं."

प्रशालेत पारदर्शक कारभारावर मोठं संशोधन चाले. रेकॉर्डर तिथल्याच कपाटातून गेला होता, आणि कपाटांची किल्ली कॉफीच्या खोलीत खिळ्याला लटकत असे. म्हणजे संशय सगळ्यांवरच. पण सूतिकागृह बंद व्हावं असं लेखी मत तिघांचंच होतं.

संचालक साल्वातिएर्रा जन्माचे किटोकर. "ऑर्तेन्सियाबाई, प्रशालेची भूमिका तटस्थ आहे. मंत्रालय म्हणेल तशी तटस्थ."

"नेलीच्या मुलाखतींत काय होतं?"

"मी अहवालाचा सारांश वाचतो. सारांशाचाही सारांश असला तर उत्तम."

संख्याशास्त्राच्या लुर्देस पारेदेस त्याच डोंगराळ भागातल्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "रडण्याचा रकाना माझ्या तक्त्यात नाही. त्या बाया काय बोलल्या मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही."

"निदान खरं बोलली," मास्तर बाहेर आल्यावर पुटपुटले.

"उद्धट बोलली, मास्तर. खरं की खोटं ते अजून कळायचंय."

तिसरे पाहुणे प्राध्यापक, उलिसेस मार्मोलेखोस, या सत्रापुरते समुद्रापलीकडच्या बेटावरून, सान्तो दोमिंगोहून आलेले. खेड्यांतले दवाखाने बंद करावेत आणि वाहतूक वाढवावी, हा त्यांचा सिद्धान्त. मंत्रालयाला तो फार आवडला होता, कारण त्यातला बंद करण्याचा भाग लगेच जमण्यासारखा होता.

ते धापा टाकत आत आले. "माफ करा हं, ग्वाग्वानं रखडवलं."

साठीच्या माणसाच्या घरात पाळणा! मास्तरांनी उठून हात मिळवला. "अभिनंदन, प्राध्यापक!"

"आभारी आहे," मार्मोलेखोस म्हणाले. अभिनंदनाचं कारण विचारायची त्यांना सवय नव्हती. "नेली गुणी पोर आहे हो. पण भावनेत वाहवते. त्या गावातल्या बायका दवाखान्यासाठी रडत नाहीत. एक तर ढसाढसा रडली ती बस गेली म्हणून! बस द्या, प्रश्न मिटला."

"तुम्ही मुलाखती ऐकल्यात?"

"छे, छे! इथं तिथं कानावर येतं."

दुसऱ्या दिवशी समिती बसण्याआधी ऑर्तेन्सियानं सगळ्यांना बोलावलं. संचालक आणि लुर्देसबाई समितीवर होतेच.

"नेली, दिलेला शब्द मोडू नकोस. नुसती मान हलव. 'माझी ग्वाग्वा गेली' असं कुणी बाई म्हणाली होती?"

नेलीचा चेहरा उतरला. तिनं हळूच मान हलवली.

"प्राध्यापक, ती बस तुम्ही कुणाकडून ऐकलीत?"

"नेलीच म्हणाली असेल कधी."

"यानारूमीला रस्ताच नाही," नेली म्हणाली. "बस कुठली?"

"तेच," ऑर्तेन्सिया म्हणाली. "वर गेलेला माणूस बस म्हणणार नाही. आणि हे वाक्य कानानं ऐकणारे संचालक असते किंवा लुर्देसबाई असत्या, तर त्यांनाही बस दिसली नसती. आपल्याकडे ग्वाग्वा म्हणजे तान्हं लेकरू. पाळण्यातलं, नाहीतर पावाचं. प्राध्यापकांच्या बेटावर मात्र ग्वाग्वा म्हणजे बस. कालची तुमची ग्वाग्वा रहदारीत अडकली होती, आणि आमच्या मास्तरांनी तुम्हाला बाप करून टाकलं."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. कुणी हसलं नाही.

"बाकीच्या साक्षी तुमच्या सिद्धान्ताच्या विरोधात होत्या, म्हणून तुम्ही रेकॉर्डर उचललात. ही एकच सोयीची वाटली. ती मिरवायचा मोह तुम्हाला आवरला नाही. नेलीनं ती कुणाला सांगितली नव्हती. ती बस झाली ती फक्त तुमच्या कानात."

मार्मोलेखोस हळूच म्हणाले, "माझ्या खोलीत आहे. पुस्तकांच्या मागं." मग आणखी हळू आवाजात, "मी ते वाक्य परत परत ऐकलं होतं. मला वाटलं, बसच्या पायी किती रडते ही बाई."

लुर्देसबाई स्वतः जाऊन रेकॉर्डर घेऊन आल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी नेलीला दिला.

"बंद करण्याची शिफारस मी मागं घेतो," संचालक म्हणाले.

"आधी ऐका," नेली म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. सारांश नाही." मग ती इतरांकडे वळली. "समितीखेरीज बाकीच्यांनी बाहेर जायचं. मी शब्द दिलाय."

ऑर्तेन्सिया उठली, तिच्यामागून मास्तर. मार्मोलेखोसही उठले. ते दारात थबकले.

"त्या... त्या बाळाचं नाव काय होतं?"

"नाव ठेवायला वेळच मिळाला नाही," नेली म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.