पांढऱ्याचा एक हात

"ह्यानंच पुसला माझा पिवळा!" लेक म्हणाली.

"आणि माझा निळा काय भुतानं पुसला?" मुलगा म्हणाला.

तपासनीस ताईच्या धाकट्या भावाचं डोकं उठलं. चोऱ्या, दरोडे सोडून ताई आता भिंती तपासणार होती!

भांडणाऱ्या ह्या दोघांची आई गेल्यावर त्यांच्या वडिलांची खोली रंगवायची ठरली. एकटे वडील तिथे राहत. मुलं वेगळी, पण किल्ल्या दोघांकडे. भिंतीवर दोन नमुने लावले. लेकीचा फिका पिवळा, मुलाचा गडद निळा. रोज दोघं येऊन वाद घालत. शेवटी मुलगा म्हणाला, "होऊ दे पिवळा." सकाळी पिवळ्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात फिरवलेला! नमुना पुन्हा लावला. मग लेक म्हणाली, "कर निळा एकदाचा." सकाळी निळा गायब.

आता ह्या बहीणभावाचं बोलणंच तुटायला आलं होतं.

ताईनं खोली पाहिली. पांढऱ्याखालून निळा डोकावत होता. भिंतीसमोर तीन खुर्च्या पुसून मांडल्या होत्या. ट्रेमध्ये तीन कप.

"रंगारीबुवा, हे तुमचं काम?"

"बाई, गडद रंग एका हातात झाकतो का कोणी? आधी घासावा लागतो. माझं पुढचं काम खोळंबलंय, आणि मी हे धंदे करू?"

"बाबा, तुम्हाला कोणता आवडतो?" ताईनं वडिलांना विचारलं.

"पोरं ठरवतील तो," वडील म्हणाले. "चहा टाकू?"

ताईचा भाऊ वैतागला. "ताई, दोघांनी एकमेकांचा पुसलाय. चल आता."

"अरे, पुसायचाच होता तर माघार कशाला घेतली? नुसतं 'नको' म्हटलं तरी भागलं असतं. आणि स्वतःचा जिंकलेला रंग कोण पुसतं? दरवेळी पुसला गेला तो ठरलेला रंग. म्हणजे कोणाला तरी ठरायलाच नको होतं. रंगाऱ्याला तर घाई आहे. मग रंग ठरल्यावर ज्याच्या दोन खुर्च्या रिकाम्या पडतील, असा कोण उरला?"

सगळे वडिलांकडे बघू लागले.

"तुमची आई होती तेव्हा उगाचच यायचात," ते म्हणाले. "आता भिंतीसाठी येता."

"बाबा, सरळ सांगायचं ना!" मुलगा चिडला.

"मी सांगितलं म्हणून आलात तर काय उपयोग?"

मग लेक म्हणाली, "उद्या येते मी. भिंत नाही बघणार."

"मीही," मुलगा पुटपुटला.

"अहो, पण रंग कोणता?" रंगारी रडकुंडीला आला होता.

वडिलांनी प्रथमच भिंतीकडे नीट पाहिलं.

"खरं सांगू? दोन्ही भिकार आहेत."