सरदार सुएरोंचा डावा हातमोजा

सरदार सुएरोंच्या घराण्याची एक रीत होती. घरचा धनी, राजाचा वकील म्हणून परमुलखात निघाला, की डाव्या हाताचा कातडी मोजा आपल्या खुर्चीवर ठेवून जायचा. मोजा आहे तोवर खुर्ची त्याची. मात्र संत मिगेलच्या दिवशी दुपारची घंटा होईतो तो परतला नाही, तर मोजा उचलायचा. खुर्ची, गढी, सगळं धाकट्या भावाचं.

सुएरोंना ग्रानादाच्या सुलतानाशी तह करायला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि आज संत मिगेलचा दिवस. धाकटा वेर्मुदो सकाळपासून नवा झगा घालून, बोटातली घुबड कोरलेली सैल अंगठी फिरवत दिवाणखान्यात येरझारा घालत होता. दम निघेना मेल्याला!

"वहिनी, तुमची नि आल्दोन्साची मठात सोय केलीय हो. जागा थंड आहे, पण सवय होईल."

"घंटा तर होऊ द्या, भावोजी," तोदा म्हणाली.

"आई," लेक आल्दोन्सा खुर्चीपाशी उभी होती, "बाबांचा मोजा ओला झालाय."

तोदाने हात लावला. कुणी पाणी सांडलं नव्हतं, छतही गळत नव्हतं. मोज्याला नदीच्या गाळाचा वास येत होता. थोड्या वेळाने बघते तर बोटं फुगलेली, आत हात असावा तशी. मग ती बोटं हळूच मुठीसारखी वळली.

घंटेला अजून अवकाश होता. पण वेर्मुदोला कुठला धीर! "एवढ्यासाठी काय थांबायचं?" म्हणत त्याने मोजा धरला.

मोजा हलेना.

त्याने खुर्चीला पाय लावून ओढला. चेहरा पांढराफटक पडला.

"सोड! सोड माझा हात!"

मोजा सुटला आणि नव्या झग्यासकट स्वारी उताणी. नोकर खो खो हसले.

तेवढ्यात दरवाजाशी गलका उठला. "धनी आले! तह झाला!"

सुएरो आत आले ते नखशिखांत भिजलेले, छातीशी मेणकापडात गुंडाळलेला सुलतानाच्या मोहरेचा कागद. पाठोपाठ दुपारची घंटा झाली. तोदाचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांदेखत ती नवऱ्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. तळघरातली जुनी दारू वर आली.

"गढीखालीच नदीत घोडा वाहून गेला," सुएरो हसत सांगत होते. "मी बुडालोच होतो. कुणीतरी हा डावा हात धरून ओढलं. काठावर बघतो तर चिटपाखरू नाही! शोधा रे त्याला, मागेल ते देईन."

एकच जयजयकार झाला. तोदाने नवऱ्याचा हात हातात घेतला. पंजाच्या पाठीवर अंगठीचा खोल ठसा उमटला होता. घुबडाचा.

कोपऱ्यात वेर्मुदो नव्या झग्याला आपला हात पुसत होता. पुन्हा पुन्हा पुसत होता. हात कोरडा होत नव्हता.