नवरीची धर्ममाता

"पाच करवल्या पुरेत! सहावी हवीय कशाला?" ओदेतआत्यांनी हात झटकून निकाल दिला आणि नुहादच्या काळजात लक्कन हललं... ओठांत चार टाचण्या धरलेल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर तोंडून भलतंच काहीतरी निघून गेलं असतं!

झाहले गावातल्या चढावरच्या त्या घरात पुढच्या खोलीतच नुहादचं शिवणकाम चालायचं. आज तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्यामुलाच्या दोघी बहिणी, आत्यांच्या सासरच्या तिघी पोरी, खिडकीपाशी नवरी जिहान, आणि मधोमध खुर्चीत ओदेतआत्या. लेकराला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जी उचलून घेते ती त्याची धर्ममाता, आणि लग्नात वेदीपाशी नवरीच्या शेजारी तिनंच उभं राहायचं, ही रीत. जिहानच्या धर्ममाता म्हणून सारं गाव ओदेतआत्यांना ओळखायचं. मग करवल्याही आपणच निवडायच्या आणि त्यांचे कपडेही आपणच ठरवायचे, एवढी पुरवणी आत्यांनी त्या रीतीला स्वतःहून जोडली होती.

"पिस्त्याचा रंग घ्या. जर्दाळूचा नको, पोरी कावीळ झाल्यासारख्या दिसतील."

"आणि ताई?" जिहाननं हळूच विचारलं.

"ताईचं काय? अगं, विशीतल्या पोरींच्या रांगेत चाळिशीची बाई उभी केली तर लोक म्हणतील, हिचा नंबर अजून लागलाच नाही का! तिनं शिवावं. तिच्या हाताला तोड आहे का गावात? काय गं नुहाद? त्या टाचण्या काढ आणि बोल की!"

पोरी फिदीफिदी हसल्या. जिहाननं मान खाली घातली. आत्यांचं बोलणं नुहादला नवीन नव्हतं, पण ती खाली गेलेली मान... ती मात्र तिच्या जिव्हारी लागली.

"पिस्त्याचा रंग छान दिसेल," टाचण्या काढून ती एवढंच म्हणाली.

आई गेली तेव्हा नुहाद अठराची होती आणि जिहान जेमतेम चार वर्षांची. शफीकनं ब्राझीलची दोन तिकिटं आणली होती. लग्न करू आणि निघू, म्हणाला. कडेवर झोपलेल्या जिहानचं डोकं खांद्यावर नीट टेकवून नुहादनं त्याला नाही म्हटलं होतं. त्या नकाराचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही, अगदी देवाशपथ नाही! एकच अभिलाषा तिनं अंतःकरणाच्या तळाशी जपली होती... या पोरीच्या लग्नात आपण तिच्या बाजूला असावं. पाचव्या करवलीच्या मागे का होईना. पण तसं मागायचं? छे! मागून मिळालेला मान तो कसला मान? नुहाद उपाशी राहिली असती, पण कुणापुढे हात पसरणाऱ्यांतली ती नव्हती.

तीन आठवड्यांत तिनं पाच झगे शिवले. उलटे करून पाहिले तरी एक धागा लोंबताना दिसला नसता. सहावा झगा द्राक्षाच्या दारूच्या रंगाचा, आत्यांचा. त्याची शेवटची घडी ती इस्त्रीखाली धरत होती, तेवढ्यात जिहान धावत आत आली. चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणायला गेली होती ती. त्याशिवाय लग्न लागत नाही.

"ताई, हे काय आहे?" तिनं दाखला पुढे केला. "धर्ममाता म्हणून तुझं नाव आहे! मी फादर मिलादना म्हटलं, चूक झालीय. तर त्यांनी जुनं पुस्तकच पुढे केलं."

नुहादनं इस्त्री उभी केली.

"तू वीस दिवसांची होतीस. अंग तापानं भाजत होतं. फादर म्हणाले, थांबायला नको. धर्ममाता व्हायला आत्या बैरूतहून निघाल्या होत्या, पण घाटात बर्फ पडला आणि गाडी अडकली. मग मी उचललं तुला. चौदाची होते मी... इतकी घाबरले होते की तुझ्यापेक्षा मीच मोठ्यानं रडले!"

"मग आत्या?"

"त्याच रात्री आल्या. तुझ्यासाठी लेसचं अंगडं घेऊन. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, तिला मूलबाळ नाही, तिला म्हणू दे धर्ममाता. तू बोलू नकोस. मी शब्द दिला."

"सव्वीस वर्षं गप्प राहिलीस? त्यांनी सगळ्यांदेखत तुला बाजूला सारलं, तरीही?"

"तूही गप्पच होतीस की, जिहान."

त्या एका वाक्यानं जिहान कोसळली. ताईच्या कमरेला मिठी मारून ती स्फुंदू लागली. "मी भेकड आहे, ताई! आत्यांनी शाळेत घातलं, कॉलेजात घातलं... त्यांना उलटून कसं बोलू म्हणून मी... माझी जीभ का झडली नाही त्या वेळी!"

"ऊठ. डोळे सुजले तर उद्या नवरीच्या जाळीदार ओढणीआड दडवता येणार नाहीत," नुहाद म्हणाली, पण तिचेही डोळे झरझर वाहत होते. "आणि आत्यांना एक शब्द बोलायचा नाही. ऐकतेस ना?"

"बोलायला कशाला हवं? मी बहिरी नाही."

उंबऱ्यात ओदेतआत्या उभ्या होत्या. झगा घालून बघायला आल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या त्या अंग टाकल्यासारख्या.

"सात तास बसले होते त्या घाटात," त्या म्हणाल्या. "मांडीवर ते अंगडं घेऊन. आले तर सगळं उरकलेलं! तुझी आई म्हणाली, ओदेत, पोरगी तुझीच. मी तो शब्द धरून बसले. इतकी वर्षं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं... पण तुला बघितलं की आठवायचं, नुहाद. म्हणून तू त्या रांगेत नको होतीस मला. वेदीपाशी तू शेजारी आलीस तर माझे पाय लटपटले असते."

"मी आजही गप्प बसेन, आत्या," नुहाद म्हणाली. "पण शेवटची तरी जागा द्यायची होती."

आत्यांनी रुमाल न शोधता थेट बाहीनंच नाक पुसलं, तेही रेशमी बाहीनं! मग ताठ उठल्या.

"शेवटची कशाला? जिची आहे तिनं घ्यावी. माझा हा झगा आता राहू दे."

"तुमच्याच मापाचा आहे, तुम्हीच घालायचा. नवरीची आत्या काय साध्या कपड्यांत येणार?"

"मग तुझा रंग मी निवडणार! निळा. गडद. रात्रभर जागून शीव, पण नाही म्हणू नकोस, एवढं तरी करू दे मला." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घरात तिघी एकदम हसल्या, रडता रडताच हसल्या.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. पिस्त्याच्या रंगातल्या पाचही पोरी अशा देखण्या दिसत होत्या की बायका बाकांवरून वाकून शिवण न्याहाळत होत्या. जिहानच्या उजव्या हाताला गडद निळ्या झग्यात नुहाद उभी होती. कुजबूज सुरू व्हायला कितीसा वेळ!

"ओदेत, तू इथे बाकावर? धर्ममाता ना तू?" मागून कुणीतरी विचारलं.

आत्यांनी मान वळवली. आवाज मुळीच खाली आणला नाही.

"मी म्हणत होते तसं. खोटं म्हणत होते. धर्ममाता ती बघा, निळ्या झग्यातली. तिनं पाण्यातून उचललं, तिनंच वाढवलं. मी नुसती आत्या. नीट बघून घ्या तिला!"

नुहादनं ते ऐकलं. एवढ्या मानी बाईनं भर चर्चमध्ये आपला सगळ्यात मोठा मान स्वतःच्या हातानं उतरवून ठेवला होता... आणि तरी बाकावर तिच्याइतकं ताठ कुणीच बसलं नव्हतं! नुहादचा ऊर भरून आला. आपण या घरातल्या आहोत, या बायकांच्या रक्ताच्या आहोत, याचा तिला विलक्षण अभिमान वाटला.

फादर मिलाद यांनी मान वर करून विचारलं, "नवरीची धर्ममाता कोण?"

सव्वीस वर्षं गिळलेलं उत्तर नुहादनं इतक्या मोठ्यानं दिलं की जिहाननं दचकून तिचा हात धरला.

"मी आहे, फादर!"