मुरुक्क्यावरचा आंबा

तुम्हाला हे पटणार नाही. पटू नयेच, मला स्वतःला अजून नीटसं पटलेलं नाही. पण ज्या वर्षी चेन्नईच्या वेलचेरीतले कावळे उन्हाला कंटाळून शेअर ऑटोनं ये-जा करू लागले, त्या वर्षी, ऐन मे महिन्यात, एक मुलगी एका मुलाला पाहायला गेली. मुलगा मुलीला नव्हे — मुलगी मुलाला. हातात काचेचं चौकोनी भांडं. भांड्यात तळाशी मुरुक्कू, मध्ये चक्का, वर आंबा. एवढ्या भांडवलावर तिनं आवडी नावाच्या गावचं जमत आलेलं स्थळ मोडलं आणि स्वतःचं जमवलं. ती तिकडे खिडकीपाशी आंबे चिरत बसलेली बाई मधूनमधून डोळे वटारील. तिकडे लक्ष देऊ नका. तिला हातात सुरी घेऊन गोष्ट ऐकायची सवय आहे.

मुलीचं नाव प्राची. सांगलीची. हट्टी इतकी, की लहानपणी रुसली तर कृष्णेचं पाणी दोन बोटं ओसरायचं. चेन्नईत एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायची. तिची तमिळ भाजीवालीपाशी सुरू होऊन ऑटोवाल्यापाशी संपायची.

तर ऑफिसात कुणीतरी परदेशाहून आलं आणि त्यानं सगळ्यांना एक थंडगार पदार्थ खायला घातला. खाली खारट बिस्किटांचा चुरा, लोण्यात-साखरेत दाबून बसवलेला. त्यावर पांढरी आंबटगोड साय. सगळ्यांत वर फळांची जेली. चमचा आत शिरला की आधी गार लागतं, मग मऊ, आणि शेवटी दाताखाली मीठ आणि साखर एकदमच कुर्रकन फुटतात. प्राचीनं डोळे मिटले, उघडले, आणि ठरवलं — हे आपण करायचं. बास.

पण परदेशी बिस्किटं चेन्नईच्या हवेत दुपारपर्यंत शिळ्या पोळीसारखी लोळायला लागली. तेव्हा तिला मुरुक्कू आठवला. आपल्या चकलीचा तो मद्रासी भाऊ. खारट, खुसखुशीत, गल्लोगल्ली मिळणारा.

वेलचेरी स्टेशनच्या खाली मुरलीचं दुकान आहे. प्राची तिथे गेली आणि म्हणाली, "खारा मुरुक्कू."

मुरलीनं लालभडक पुडा पुढे केला.

"हा नको. वेण्डाम. खारा. खारा मुरुक्कू."

मुरलीनं समजूतदारपणे मान हलवली आणि आणखी लाल पुडा काढला. तिसरा पुडा तर असा, की तो नुसता बघूनच प्राचीला शिंक आली.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली, "खारं म्हणजे मीठ रे बाबा..."

"बाईसाहेब," मागून आवाज आला, "येथें कारम म्हणजे तिखट. आपण जों जों 'खारा' म्हणतां, तों तों तो बापडा मिरची वाढवितो."

प्राची वळली. कारखान्याचा निळा शर्ट, कपाळावर घामाचे थेंब, आणि तोंडात... हे काय होतं? एखादा जुना ताम्रपट बोलायला लागावा तसं वाटलं तिला.

"तुम्ही मराठी?"

"होय. आमचे पूर्वज तंजावरास आले होते."

"कधी?"

"राजे आले तेव्हां. तीनशेंवर वर्षें झालीं असतील."

"आणि मग?"

तो जरा विचारात पडला. "मग... परत जावयाचें राहून गेलें."

प्राची हसली. इतकी हसली, की मुरलीनं हातातला पुडा खाली ठेवला. तो माणूस मात्र हसला नाही. त्याचे फक्त कान लाल झाले — अगदी त्या तिसऱ्या पुड्यासारखे. मग मुरलीकडे वळून त्यानं तमिळमध्ये दोन शब्द टाकले आणि बिनमिरचीचा पांढरा, मिठाचा मुरुक्कू तिच्या हातात आला.

त्याचं नाव गिरीधर. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासायचा. पास, नापास, पास, नापास — दिवसभर हेच.

"याचें काय करणार?" त्यानं विचारलं.

"वर आंबा घालणार."

"मुरुक्क्यावर? आंबा?" त्यानं आजूबाजूला पाहिलं. "हें माझ्या आईच्या कानीं पडूं देऊं नका."

"तुमच्या आईला मी कशाला भेटत्येय?"

असं ती म्हणाली खरी. बोलण्याचं काय, कुणीही काहीही बोलतं.

पुढच्या शनिवारी ती डबा घेऊन स्टेशनच्या पायऱ्यांवर आली. तिथे वारा असतो, म्हणून. आणि गिरीधरही तिथे आला — गाडी पकडायला, म्हणून. त्यानं तशा बऱ्याच गाड्या सोडल्या.

पहिल्या डब्यातला तळ भिजून पुठ्ठा झाला होता. त्यानं चमचा रुमालानं पुसला, एक घास घेतला, बराच वेळ रुळांकडे पाहिलं.

"नापास?" तिनं विचारलं.

"वरचा मजला उत्तम आहे. तळमजल्यांत पाणी शिरलें."

"वेलचेरीत राहते मी. दर पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरायचंच."

आणि तिथेच तिला युक्ती सापडली. पाणी येतं ते फटीतून. चक्का मध्येच थापून भागायचं नाही, तो चारी बाजूंनी काचेला भिडवायचा, कुठे केसाएवढीही वाट ठेवायची नाही. मग वरचा रस खाली उतरेल कसा? पुढच्या शनिवारी तळ कुरकुरीत राहिला, पण जेली सैल. त्याच्या पुढच्या शनिवारी जेली घट्ट, पण इतकी, की चमचा टणकन उडाला. मग तिनं आंब्यात ताडगोळ्यांचे काप घातले. जेली घट्ट करणारं चायनाग्रास कमी केलं, मग वाढवलं. प्रत्येक वेळी गिरीधर डबा संपवायचा आणि कोपऱ्यातला शेवटचा घास, सगळ्यांत जास्त मुरुक्क्याचा, तिच्यासाठी ठेवायचा. डबा देता-घेता त्यांची बोटं एकमेकांना लागायची. गार डबा धरलेली बोटं ती, गारच असायला हवी होती...

"तुमची मराठी ऐकली की मला वाटतं, आता कुणीतरी दवंडी पिटणार," ती म्हणायची.

"आणि आपली ऐकिली कीं मज वाटतें, कोणीतरी भांडतो आहे."

"मग ऐकता कशाला?"

"भांडण सोडून जातां येत नाहीं."

असं चाललं होतं. छान चाललं होतं. मग एका शनिवारी त्यानं डबा उघडलाच नाही.

"उद्यां... मज आवडीस जावयाचें आहे."

आवडी म्हणजे चेन्नईच्या पलीकडचं टोक. सरकारी कारखाने, क्वार्टर्स, लोकल गाड्या. प्राचीला ठाऊक होतं. "कशाला?"

"मुलगी पाहावयास. आईनें ठरविलें. आमच्यांतलेंच घर आहे. ते सोज्जी-बज्जी देतील, मुलगी गाणें म्हणेल..."

सोज्जी म्हणजे गोड शिरा, बज्जी म्हणजे भजी. मुलगी दाखवताना एक गोड आणि एक खारं पुढे यायलाच हवं, तिकडची रीतच तशी.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"आई बोलली. मी ऐकिलें."

"गिरीधर, तुम्ही आवडीला चाललाय, की आवडीनं चाललाय?"

त्यानं वर पाहिलं. ओठ हलले... आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. इतक्या गाड्या सोडणारा माणूस, त्या दिवशी मुकाट्यानं चढला. कान मात्र लाल होते. गाडी सुटेपर्यंत प्राचीनं ते पाहून घेतले.

रडली असेल असं वाटलं ना तुम्हाला? छे. तिनं घरी जाऊन चक्का टांगला.

रविवारी सकाळी तिनं मुरुक्कू कुटला — फार बारीक नाही, दाताला सापडेल असा. लोणी, साखर घालून परतला, काचेच्या भांड्यात तळाशी दाबला. चक्का फेसून थापला, काठाला काठ भिडवून. बंगनपल्ली आंब्याचा रस, त्यात उकळलेलं चायनाग्रास, वर ताडगोळ्यांच्या पारदर्शक चकत्या. भांडं फ्रीजमध्ये ठेवलं, दार लावलं — आणि करंट गेला. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरनं असा बार काढला, की दोन लग्नांतल्या वाजंत्र्यांनी वाजवणं थांबवलं.

ऊन असं, की भिंतीला टेकलं तर पाठीची भाकरी भाजेल. फ्रीज घामाघूम. प्राचीनं दाराला हात लावला, काढला, पदर खोचला — पदर नव्हता, ओढणी होती, ती खोचली — आणि कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून पाटीभर बर्फ उचलून आणला. बादलीत बर्फ, बर्फात भांडं, आणि बादलीसकट बाई शेअर ऑटोत. ऑटोतले लोक सरकून सरकून तिच्याजवळ बसले. इतका गारवा त्यांना जानेवारीतल्या पोंगलपासून मिळाला नव्हता.

आदंबाक्कमला गिरीधरचं घर. दार उघडलं ते त्याच्या आईनं, सईबाईंनी. रेशमी नऊवारी, केसांत मोगरा, हातात छत्री. निघायच्या तयारीत.

"कोण पाहिजे?"

प्राचीच्या हातातून बर्फाचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. आत्ता मागे फिरलं तर कुणाला कळणारही नव्हतं. ती मागे फिरली नाही.

"मी प्राची. मुलगा पाहायला आले."

सईबाईंनी छत्री खाली टेकली. "काय म्हणून?"

"पद्धतीप्रमाणे सोज्जी आणि बज्जी दोन्ही आणलंय. एकाच भांड्यात आहे. गोड वर, खारं तळाशी."

"मुलगी मुलास पाहावयास येते, ही कोणाची रीत?"

"माझी. आजपासूनची."

"मग त्यास गाणें म्हणावयास सांगशील?"

"येत असेल तर ऐकीन. नसेल तर तसाच चालेल."

आता इथे घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं. गिरीधरचे वडील, राजगोपालराव. असा रुबाबदार, हुशार, मितभाषी गृहस्थ त्या गल्लीत दुसरा नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही. नुसते पेपर वाचत बसले होते.

गिरीधर बाहेर आला. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. प्राचीला पाहून तो असा थांबला, जसा त्याच्याच कारखान्यातला ब्रेक लागला.

"मला मुलगा पसंत आहे," प्राची म्हणाली. आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं. "मुलाचं काय?"

सईबाईंनी लेकाकडे पाहिलं. "बोल. की मीच बोलूं, आणि तूं ऐकशील?"

घरात पंखा नव्हता चालू. करंट तिकडेही गेला होता. कुठेतरी नळ टपटपत होता तेवढंच. गिरीधरनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या ओल्या उंबऱ्याकडे.

"आई," तो म्हणाला, "मी मुरलीच्या दुकानीं गेलों होतों... चहा घ्यावयास. तेथें ही भेटली." मग तो थांबला, आणि प्राचीकडे वळला. "परत जावयाचें राहून गेलें."

आता प्राचीला हसू आलं नाही. डोळ्यांना ओढणी लावावी लागली, तीही बर्फानं भिजलेली.

सईबाईंनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "आवडीस फोन करावा लागेल. तोंवर सुरी आणा."

आणि मंडळी, आता ऐका. सुरी लावली तर कापाची कड अशी सरळ, जशी देवळाची पायरी. चौकोन उचलला. तळाशी सोनेरी मुरुक्कू, मध्ये पांढराशुभ्र चक्का, वर केशरी आंबा, त्यात ताडगोळ्यांचे चंद्र. एक थेंब हलला नाही. सईबाईंनी बशी तिरकी केली, नाही हलला. उलटी केली, तरी तो चौकोन बशीला धरून, जसा गोपुरावरचा —

"मामंजी."

खिडकीपाशी सुरी थांबली होती.

"बशी उलटी केली? ते घट्ट झालंच नव्हतं. उंबऱ्यातच माझा हात सटकला आणि अख्खं भांडं यांच्या इस्त्रीच्या शर्टावर गेलं. उरलं ते आम्ही वाटीनं प्यालो, सासूबाईंनी दोन वाट्या. आणि कपाटात दुसरा शर्ट होता, चांगला, निळ्या रेघांचा. तो मिळाला असता तर तुम्ही सगळे चारच्या गाडीनं आवडीला गेला असतात. सासूबाईंनी सगळं घर पालथं घातलं, पण कपाटाची किल्ली काही सापडली नाही. तुम्ही त्या किल्लीवर बसून पेपर वाचत होतात, मामंजी — आणि पेपरही उलटा धरला होतात."